मदत हवी आहे: ऑक्टोबरमध्ये प्राँगहॉर्न कुठे चरतात?

नमस्कार मंडळी. यंदा अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात प्राँगहॉर्न (हरणासारखा एक प्राणी) मादीच्या शिकारीचा टॅग (म्हणजे परवाना) लागलाय, जायचंय ऑक्टोबरच्या सुरुवातीला. माझी ही पहिलीच शिकार. अमेरिकेत शिकार करणारं कुणी असेल तर कृपया सांगा.

वाचून एवढं कळलंय, की उन्हाळ्यात ही जनावरं रुंद पानांच्या कोवळ्या रानवनस्पती खातात, गवत फारसं नाही. हिवाळ्यात सगळी भिस्त सेजब्रशच्या झुडपांवर, कारण ती थंडीतही हिरवी राहतात. ऑक्टोबर नेमका मधला! ऑगस्टमध्ये पाहणी केली तेव्हा कळप अल्फाल्फाच्या (म्हणजे आपल्या लसूणघासाच्या) शेतांच्या कडेला आणि पाणवठ्यांवर दिसले. रात्री हिम पडू लागल्यावर ते तिथेच राहतात, की सेजब्रशच्या माळावर पांगतात? पाऊस होऊन जागोजागी पाणी साचलं, कोवळी पालवी फुटली, तर पाणवठ्यावर दबा धरण्यात अर्थ उरतो का?

आणखी एक. सेजब्रश खाल्लेल्या जनावराचं मांस उग्र लागतं म्हणतात. शेजारच्या अनुभवी काकांच्या मते खरं कारण उष्णता. लगेच कातडं काढून मांस थंड करायचं. मांस अजिबात वाया जाऊ द्यायचं नाहीये. दुपारच्या उन्हात, गाडीपासून लांब असताना तुम्ही हे कसं जमवता?