फेझंट आणि क्लेसाठी पहिली बंदूक: सेमी-ऑटो की दुनळी?

वऱ्हाडी_मिनेसोटात

नमस्कार मंडळी. मिनियापोलिसजवळ राहतो, एच-१बी वर आहे. ऑफिसातल्या एका गोऱ्या सहकाऱ्याने ट्रॅपचा आणि स्पोर्टिंग क्लेचा (हवेत उडवलेल्या मातीच्या चकत्या बंदुकीने फोडायचे खेळ) नाद लावला. हंटर सेफ्टीचा कोर्स झाला, स्मॉल गेमचं लायसन्सही काढलं. आता ऑक्टोबरात त्याच्यासोबत साउथ डकोटात फेझंटच्या (रानकोंबडीसारख्या पक्ष्याच्या) शिकारीला जायचं ठरतंय, तर स्वतःची बाराबोर घ्यावी म्हणतो.

बजेट दोन हजार डॉलर, तेही काडतुसं, पेटी, कानाचे मफ सगळं धरून. दुकानदार म्हणतो, तुर्की बनावटीची नवी दुनळी घे (वर-खाली नळ्यांची), सात-आठशेत मिळते, आयुष्यभर टिकेल. सहकारी म्हणतो बेरेटाची सेमी-ऑटो ए-३०० घे, हजाराच्या आतबाहेर येते. तिसरा पर्याय म्हणजे सगळे पैसे ओतून जुनी ब्राउनिंग सिटोरी, तीही दुनळीच.

बायकोलाही शिकायचंय. ती डावरी आहे, आणि परवा क्लबची बंदूक चालवून खांद्यावर वांग्याच्या रंगाचा डाग घेऊन आली. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

दाजीपूरकर

भावा, मी साउथ डकोटातच, सू फॉल्सला असतो. इथला प्रत्येक फेझंटचा हंगाम कुणाच्या ना कुणाच्या शेतात काढलाय, आणि रविवारी क्लेचं मैदान हेच आमचं देऊळ. तेव्हा जरा लांबण लागेल, चहा घेऊन बस.

बंदुकीआधी कायद्याचं. एच-१बी वाल्याला अमेरिकेत बंदूक विकत घेणं तर सोडच, हातात बाळगणंही फेडरल कायद्याने मना आहे. त्याला जी सूट आहे ती तुझ्या खिशातल्या शिकारीच्या लायसन्सवर उभी आहे. लायसन्सची मुदत संपली की सूटही संपली, बंदूक कपाटात असली तरी. बायको एच-४ वर (जोडीदाराच्या व्हिसावर) असेल तर तिला तिचं वेगळं लायसन्स लागतं, तुझ्यावर तिचं भागत नाही. मिनेसोटात १९७९ नंतर जन्मलेल्याला कोर्स केल्याशिवाय ते मिळत नाही. तिचा कोर्स आधी, खांद्याचं नंतर. ग्रीन कार्ड झालं की ही भानगड मिटते.

आता क्ले. ट्रॅपच्या सिंगल्समध्ये बंदुकीत एका वेळी एकच काडतूस भरायचं असतं. चकती एक, बार एक. तिथे दुनळीची दुसरी नळी आणि ऑटोचं मॅगझिन, दोन्ही बिनकामाचे. फरक पडतो तो धक्क्याने. ट्रॅपचा राउंड पंचवीस चकत्यांचा, पण स्पोर्टिंग क्लेला शंभर बार सहज होतात. शंभराव्या बाराला खांदा ठणकत असला की माणूस चाप ओढायच्या आधीच दचकतो आणि नळी खाली जाते. चकती कुठे चुकली ते कळतच नाही.

ए-३०० ही गॅसवर चालणारी ऑटो आहे. नळीच्या पोटाला, पुढच्या लाकडाखाली, बारीक भोकं असतात. बार उडाला की थोडा गॅस त्यातून निघून पिस्टन मागे ढकलतो, पिस्टन बोल्टला, बोल्ट रिकामं काडतूस बाहेर फेकतो आणि स्प्रिंगवर परत येताना नवं भरतो. या सगळ्या धावपळीत धक्का लांबतो. एकदम गुद्दा बसायच्या ऐवजी कुणी रेटल्यासारखं वाटतं. बेनेली वेगळी, ती इनर्शियावर, म्हणजे गॅसऐवजी धक्क्याच्याच जोरावर चालते. आत काजळी कमी, साफ करायला सोपी, पण बहुधा वजनाला हलकी आणि खांद्याला कडक. वहिनींसाठी गॅसवालीच.

दुनळीत यातलं काही नाही. धक्का जसाच्या तसा खांद्यावर. तो कमी करायचा एकच राजमार्ग, वजन. म्हणून क्लेच्या दुनळ्या साडेतीन किलोच्या पुढे असतात. मैदानावर ठीक आहे, गाडीतून उतरायचं आणि स्टँडला टेकवायची. शेतात तीच घेऊन दिवसभर कॅटटेलच्या (उंच पाणगवताच्या) दलदलीत फीर, मग सांग.

फेझंटला दुनळीचं खरं सुख चोकचं, म्हणजे छर्रे किती पसरायचे ते ठरवणाऱ्या नळीच्या तोंडाशी असलेल्या आवळीचं. कुत्र्याने कोंबडा (नर फेझंट) पायाशी उठवला तर मोकळा चोक हवा, इम्प्रूव्ह्ड सिलिंडर. तोच वाऱ्यावर बसून लांब सुटला तर जरा आवळलेला, मॉडिफाइड. दुनळीत दोन्ही तयार असतात, बोटाने बटण सरकवायचं आणि नळी निवडायची. ऑटोला एकच नळी, एकच चोक, सकाळी लावला तो लावला. बदल्यात तिसरा बार मिळतो. माझं मत विचारशील तर तो तिसरा बार बहुतेक वेळा मनाच्या समाधानासाठीच असतो, तोवर कोंबडा पुढच्या शेतात पोचलेला असतो. इथे दिवसाला माणशी तीन कोंबडे, मादी मारायची नाही. ओळीतला कुणीतरी "रूस्टर!" ओरडेपर्यंत बंदूक खांद्याला लागली तरी चाप ओढायचा नाही. त्या क्षणाला घाई न करणारा माणूस लागतो, बंदूक कुठलीही चालते.

सुरक्षिततेत दुनळीचा हात कुणी धरणार नाही. मोडून (बिजागरीवर उघडून) हातावर टाकली की दहा पावलांवरच्या माणसालाही दिसतं, दोन्ही नळ्यांतून पलीकडचं आभाळ आहे. ऑटो उघडी आहे की भरलेली हे लांबून सांगता येत नाही. कुंपण ओलांडताना, गाडीशी परतताना ऑटोवाल्याने बोल्ट मागे अडकवून दाखवायचा, मॅगझिन रिकामं करायचं, आणि कुणी म्हणायच्या आधी करायचं.

त्या सात-आठशेच्या दुनळीचं सांगतो, कारण तुझा दुकानदार नेमकं तेच सांगत नाहीये. दोन नळ्या एकमेकींना अशा जोडाव्या लागतात की दोन्हींचे छर्रे एकाच जागी पडतील. ते काम वेळखाऊ, कारागिराच्या हाताचं. ऑटोला एकच नळी, जोडायचा प्रश्नच नाही, बाकी सगळं मशीनवर निघतं. म्हणून हजारात चांगली ऑटो बनते आणि हजारात चांगली दुनळी बनणं अवघड जातं. दुसरं, चाप. बऱ्याच दुनळ्यांत पहिल्या बाराच्या धक्क्यानेच दुसऱ्या नळीचा घोडा लागतो. बायकोसाठी हलकी काडतुसं घातलीस आणि धक्का पुरेसा नसला, तर दुसऱ्यांदा चाप ओढून नुसतं "टक". कोंबडा हसत जातो. चाप मेकॅनिकल, म्हणजे धक्क्यावर अवलंबून नसलेला आहे का ते विचार, दुकानदार अडखळला की समज.

जुनी सिटोरी बघायला गेलास तर पुढचं लाकूड काढ, नळ्या बंद कर आणि बंदूक हलकेच हलव. बिजागरीत खुळखुळ जाणवली की ठेवून दे. मग वरचा लिव्हर बघ. नव्या बंदुकीत तो बंद झाल्यावर मधोमध न येता किंचित उजवीकडे थांबतो. वापराने झिजत झिजत मध्यावर येतो, मग डावीकडे. डावीकडे गेलेला असेल तर ती खूप नांदलेली आहे, तिला गनस्मिथचा खर्च धर. नळ्या दिव्याकडे धरून आतून बघ, प्रकाशाची वर्तुळं कुठे मोडत असतील तर तिथे पोचा आहे.

तुझ्या बजेटात, दोघांसाठी मिळून? वापरलेली किंवा नवी गॅसची ऑटो. उरलेल्या पैशांची काडतुसं आणि एखाद्या कोचचे चार धडे. दुनळी पुढे घे, घेशील तेव्हा चांगली घे.

धुकं_आणि_चहा

दाजीपूरकरांशी बहुतांशी सहमत, पण देश बदलला की उत्तर बदलतं. मी इंग्लंडात यॉर्कशायरला एनएचएसमध्ये (सरकारी आरोग्यसेवेत) आहे. इथे साध्या शॉटगन सर्टिफिकेटवर ऑटो मिळते, पण मॅगझिनमध्ये दोनपेक्षा जास्त काडतुसं मावता कामा नयेत. क्लेच्या मैदानावर कुणी हरकत घेत नाही. ड्रिव्हन शूटला मात्र ऑटो घेऊन गेलात तर कुणी काही बोलणार नाही आणि पुढच्या वर्षी बोलावणंही येणार नाही. हाकारे फेझंट उठवतात, तुम्ही आपल्या खुंटीवर (नेमून दिलेल्या जागेवर) उभे, आणि दोन ड्राइव्हच्या मध्ये सगळे बंदुका मोडून हातावर घेऊन गप्पा मारताहेत. त्यात एक न मोडणारी बंदूक असली की सगळ्यांचं लक्ष तिच्याकडेच.

आणखी एक. ऑटो रिकामी टरफलं उजवीकडे फेकते. ट्रॅपच्या ओळीत तुमच्या उजवीकडच्या माणसाच्या कानावर गरम टरफल बसतं. शेल कॅचर (टरफल अडवणारा तुकडा) लावा. दुनळीत टरफल स्वतःच्या हातात येतं, शेतात वेचत बसावं लागत नाही.

उगाच_एक_शंका

धागा वाचून वाईट वाटलं. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीवर बंदी आहे ती उगाच नाही. क्लेपर्यंत ठीक, पण जिवंत पक्षी मारण्यात कसली हौस?

दाजीपूरकर

@उगाच_एक_शंका, प्रश्न रास्त आहे. आपल्याकडची बंदी बरोबरच आहे, मी कोल्हापूरला गेलो की बंदुकीचं नावही काढत नाही. इथलं गणित वेगळं. फेझंट मुळात इथला नाहीच, आशियातून आणून सोडलेला. इथे बंदूक-काडतुसांवर १९३७ च्या कायद्याने फेडरल कर आहे, तो पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांना जातो. शेतकरी कडेचं गवत राखतो त्यातही शिकाऱ्यांचा पैसा असतो. आणि आम्ही मारलेलं खातो. तांबडा रस्सा होतो झकास, फक्त चावताना छर्रा दाताखाली येतो. तरी नको वाटलं तर नको, त्यावर माझा वाद नाही. चिकनचा धागा निघाला की तिथे भेटू.

पुणे_शॉटगन

माझी मुलगी ट्रॅप करते, शिबिरांसाठी दिल्लीला तुघलकाबादच्या कर्णी सिंग रेंजवर नेतो. स्पर्धेच्या ओळीवर मी तरी कायम वर-खाली दुनळीच बघितली. ऑलिंपिक ट्रॅपला एका चकतीवर दोन बार मारता येतात, म्हणजे दोन नळ्या, दोन चोक पुरेपूर कामाला येतात. काडतूस जास्तीत जास्त २४ ग्रॅमचं, त्यामुळे धक्काही आवाक्यात. राज्यवर्धन राठोड यांनी २००४ ला अथेन्सला रौप्य घेतलं ते डबल ट्रॅपला, दोन चकत्या एकदम. धागाकर्त्याला मेडल नकोय, त्याने ऑटो घ्यावी. पण २४ ग्रॅमची काडतुसं ऑटोत नीट फिरतात का ते आधी तपासा. काही ऑटो २८-३२ ग्रॅमवर खूश असतात आणि हलक्यावर टरफल दारातच अडकतं.

वऱ्हाडी_मिनेसोटात

सगळ्यांचे आभार, विशेषतः दाजीपूरकर काकांचे. लायसन्सचं वाचून बायकोचं नाव कोर्सला घातलं. दुकानदाराला मेकॅनिकल ट्रिगरचं विचारलं, तर "तुम्हाला कोणी सांगितलं?" म्हणाला.

दोन शंका उरल्यात. डाव्या खांद्यावरून ऑटो मारली तर टरफल तिच्या तोंडावर येईल का? आणि ती म्हणते माझ्यासाठी हलकी २० गेज (बाराबोरपेक्षा बारीक नळीची) घेऊ, धक्का कमी बसेल.

दाजीपूरकर

टरफल उजवीकडे पुढे जातं. डावरा माणूस मारतो तेव्हा ते नजरेसमोरून सुटतं, अंगावर येत नाही. बरेच डावरे अशाच बंदुका वापरतात. काहींना ते डोळ्यासमोर दिसलेलं खपत नाही, म्हणून आधी भाड्याची मारून बघू दे. पण त्याआधी डोळा तपास. डावरी आहे म्हणजे मुख्य डोळाही डावाच असेल असं नाही. दोन्ही डोळे उघडे ठेवून लांबच्या खांबावर बोट धरायला सांग, मग एकेक डोळा मिट. ज्या डोळ्याने बोट खांबावरच राहतं तो मुख्य. तो उजवा निघाला तर तिला सुरुवातीपासून उजव्या खांद्यावरच शिकवलेलं बरं, टरफलाचा प्रश्न तिथेच सुटला. ए-३०० च्या दस्त्यात पातळ पट्ट्या घालून तो डावी-उजवीकडे वाकवता येतो. दुनळीला हेच करायला दस्ता कारागिराकडे न्यावा लागतो.

२० गेजचं म्हणशील तर हलकी बंदूक जास्त लाथ मारते, कमी नाही. २० चं काडतूस सौम्य, पण बंदूकही हलकी, मग हिशेब तिथल्या तिथे येतो. वजनदार १२ मध्ये २४ ग्रॅमची काडतुसं हा तिच्यासाठी बरा मार्ग, अर्थात पुणेकर म्हणतात तसं आधी फिरवून बघून.

तरीही २० घेतलीच, तर घरात दोन्ही गेजची काडतुसं एका पिशवीत कधीही ठेवू नका, जाकिटाचा खिसाही वेगळा. २० चं काडतूस १२ च्या नळीत टाकलं तर ते आत घसरून पुढे अडकतं. वरून बघणाऱ्याला नळी रिकामी वाटते. मागून १२ चं भरून बार काढला की नळी हाताजवळ फुटते. म्हणूनच २० ची काडतुसं पिवळ्या रंगाची करायची पद्धत आहे. शेतात पिवळं काडतूस १२ वाल्याच्या खिशात दिसलं तर तिथेच थांबून दोघांचे खिसे रिकामे करा. ऑक्टोबरात सू फॉल्सवरून जाणार असाल तर निरोप टाका.