विषय: जो जॅक्सन आणि बक वीव्हरची बंदी उठली, पण न्याय झाला का?

नमस्कार मंडळी,

शिकागो व्हाइट सॉक्स या बेसबॉल टीमच्या मॅचला बरीच कुटुंबं येताहेत, तिकिटांचं वेगळं कळवतो. त्याआधी एक विनंती. मुलांना १९१९ ची हकिकत घरी जरूर सांगा. याच टीमच्या आठ खेळाडूंवर जुगाऱ्यांशी संगनमत करून सिनसिनाटी रेड्सला वर्ल्ड सिरीज (अमेरिकन बेसबॉलची अंतिम मालिका) बहाल केल्याचा ठपका आला आणि आठही जण आयुष्यभरासाठी बाहेर गेले.

त्यातला शूलेस जो जॅक्सन माझा फार आवडता. २०२५ च्या मे महिन्यात बेसबॉलचे कमिशनर (प्रमुख) रॉब मॅनफ्रेड यांनी दिवंगत खेळाडूंवरची बंदी उठवली, तेव्हा जॅक्सनला जाऊन ७३ वर्षं झाली होती. आता त्याला हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या सन्मानयादीत, घ्यायलाच हवं. त्या सिरीजमध्ये त्याची बॅटिंगची सरासरी .३७५ (म्हणजे हजार संधींमागे ३७५ हिट, बेस गाठून देणारे फटके), १२ हिट, सगळ्या सिरीजमधला एकुलता एक होम रन त्याचा. मुद्दाम हरणारा माणूस असा खेळतो का? शाळेचं तोंड न पाहिलेला गिरणी कामगार, त्याला मालकाच्या वकिलानं ग्रँड ज्युरीपुढे (खटला भरायचा की नाही ते ठरवणाऱ्या पंचांपुढे) नेऊन उभं केलं. पुढे कोर्टानंही निर्दोष सोडलं. आणखी काय पुरावा हवा?

— अ. कु.

---

अरे अ.,

जॅक्सनबद्दलची तुझी कळकळ समजते, पण आकडे सामन्यागणिक बघ. पहिल्या पाच सामन्यांत त्याच्या फटक्यावर एकही धाव आली नाही. सहाच्या सहा आल्या शेवटच्या तीन सामन्यांत. तो होम रन आठव्या सामन्यातला, रेड्स ५-० ने पुढे असताना मारलेला. यावरून तो मुद्दाम वाईट खेळला असं मी म्हणणार नाही, दुसऱ्या सामन्यात त्याचे तीन हिट आहेत. पण .३७५ दाखवून त्याला धुतल्या तांदळासारखाही ठरवता येत नाही. पैशाचं तर स्पष्टच आहे. २०,००० डॉलर ठरले होते, कटातलाच पिचर (चेंडू टाकणारा) लेफ्टी विल्यम्स यानं ५,००० आणून दिले, ते जॅक्सननं ठेवून घेतले. वर्षाचा पगार ६,००० असलेल्या माणसाला ही रक्कम लहान नव्हती.

मालक कोमिस्की चिकट, म्हणून पोरं बिघडली, असं नेहमी सांगतात. मला ते पुरतं पटत नाही. व्हाइट सॉक्सचा पगारखर्च तेव्हा लीगमधल्या मोठ्यांपैकी होता. खरी कोंडी वेगळी होती. मालकानं सोडल्याशिवाय खेळाडूला दुसऱ्या टीमकडे जाताच येत नसे.

मुलांना पहिला सामना सांगा. आदल्या रात्री पिचर एडी सिकॉटच्या उशीखाली १०,००० डॉलर आले. दुसऱ्या दिवशी त्यानं रेड्सच्या पहिल्याच बॅटरला, मॉरी रॅथला, पाठीत चेंडू मारला. सौदा पक्का असल्याची ती खूण होती. सामना ९-१ ने गेला.

कोर्टाचं म्हणशील, तर २ ऑगस्ट १९२१ ला ज्युरीनं सगळ्यांना सोडलं आणि दुसऱ्याच दिवशी कमिशनर लँडिस यांनी कायमची बंदी घातली. २०१३ च्या आयपीएल प्रकरणात आपण तेच पाहिलं. दिल्लीच्या कोर्टानं आरोपमुक्त केलं तरी बोर्डाची बंदी लगेच उठली नाही.

माझा जीव तुटतो तो त्या आठांतल्याच बक वीव्हरसाठी. कटाच्या बैठकीला तो होता, पण छदामही घेतला नाही, जीव तोडून खेळला, .३२४ ची सरासरी काढली. तरी शिक्षा तीच, जी सिकॉटला. १९५६ मध्ये इथेच शिकागोत वारला, तोवर दाद मागतच राहिला. खेळ विकणारा आणि गप्प बसणारा यांना एकच माप लावणं हा अन्याय आहे, असं माझं ठाम मत आहे.

— स. वि.

---

काका,

वीव्हरबाबत मी तुमच्याशी सहमत नाही. लँडिस यांचं म्हणणं नेमकं हेच होतं की कट शिजतो तिथे बसून जो क्लबला कळवत नाही, त्याला बेसबॉलमध्ये जागा नाही. तो वेळीच बोलला असता तर सिरीज वाचली असती.

डिकी केरचा विचार करा. अंगानं लहानखुरा, पहिल्याच वर्षाचा पिचर. त्यानं तिसरा आणि सहावा असे दोन सामने जिंकून दिले. त्याच्या पाठीमागे पहिल्या बेसवर उभा होता कटाचा म्होरक्या चिक गँडिल, शॉर्टस्टॉपला रिसबर्ग, सेंटर फील्डला फेल्श. वीव्हरला हे सगळं माहीत होतं आणि तो तिसऱ्या बेसवरून रोज बघत होता. फसवणूक बाकी कुणाहीपेक्षा आधी केरची झाली, एडी कॉलिन्सची झाली, रे शॉकची झाली. आपल्याच सोबत्यांची. वीव्हरनं पैसे घेतले नाहीत म्हणून त्यांच्याबाबतीत काय फरक पडला?

जन्मठेपेइतकी शिक्षा जास्त झाली, एवढं मात्र मान्य. चार-पाच वर्षांनी त्याला परत घ्यायला हवं होतं.

आणि केरचं पुढे काय झालं बघा. पगारवाढीवरून कोमिस्कीशी बिनसलं, तो बाहेरच्या टीममधून खेळला, समोर बंदी घातलेले खेळाडू होते, म्हणून लँडिसनी त्यालाही निलंबित केलं. १९४० मध्ये तो डेटोना बीचच्या टीमचा मॅनेजर असताना खांदा दुखावलेल्या एका तरुण पिचरला त्यानं धीर दिला. तो स्टॅन म्यूझियल. पुढे बॅटर म्हणून नावारूपाला आल्यावर म्यूझियलनं केर पती-पत्नीला ह्यूस्टनमध्ये घर घेऊन दिलं.

मुलांच्या बसमध्ये गोष्ट सांगायची जबाबदारी मी घेते. सुरुवात केरपासून करीन, जॅक्सनचं अ. नं सांगावं आणि वीव्हरचं काकांनी.

— मे. जो.