पाणपोईवर हायकू लिहायचा आहे: दान, पुण्य हे शब्द न वापरता जमेल का?

तापीकाठ (प्रश्न)
आखाजीला (अक्षय्यतृतीयेला) आमच्या मंडळाची पाणपोई चोपडा रस्त्यावर सुरू होते. तीन रांजण, वर तुराट्यांचा मांडव. यंदा नेहमीच्या सुविचाराऐवजी रांजणावरच ऑइल पेंटने एक हायकू, म्हणजे तीन ओळींची जपानी धर्तीची छोटी कविता, रंगवायचा विचार आहे. देण्यातला आनंद त्यात यावा. दोन प्रयत्न केलेत:

दान करावे
त्यातच खरे सुख
मनाला शांती

अक्षय्यतृतीया
घागर दान देता
पुण्य लाभते

अक्षरं ५-७-५ बसवलीत, तरी वाचताना शाळेच्या भिंतीवरचं वाक्य वाटतं. जोडाक्षर एक धरायचं की दोन? यमक लागतंच का?

सतरा_अक्षरे
आधी मोजणी. मराठीत लिहिलेलं अक्षर मोजतात. जोडाक्षर एक, अनुस्वार वेगळा धरत नाहीत. म्हणजे 'पुण्य' दोन, 'रांजण' तीन. 'घर' बोलताना एकाच झटक्यात येतं, पण मोजायचं दोन. दुसऱ्या हायकूची पहिलीच ओळ चुकलीय: अ-क्ष-य्य-तृ-ती-या, सहा झाली. तिथे 'आखाजी आली' घ्या, पाच भरतात आणि शब्द आपल्या खान्देशातला.

या आकड्याला फार चिकटू मात्र नका. जपानीत जे मोजतात ते 'ऑन'. तिथे दीर्घ स्वराचे दोन धरतात आणि सुट्या 'न्'चाही एक. 'तोक्यो' आपल्याला दोन अक्षरं दिसतात, त्यांच्या हिशेबात चार. त्यामुळे आपली सतरा अक्षरं म्हणजे त्यांचे सतरा ऑन नव्हेत. मराठीत बहुधा जास्तच मजकूर मावतो, आणि मोकळी जागा दिसली की माणूस उपदेश भरतो.

यमकाचं म्हणाल तर जपानीत ते नाही. कवयित्री शिरीष पै यांनी हायकू मराठीत रुजवला, तेव्हापासून तीनपैकी दोन ओळी जुळवायची रीत पडली. आपसूक जुळलं तर ठेवा. यमकासाठी क्रियापद ओढूनताणून शेवटी आणलं की हायकूची चारोळी होते.

केळीबाग
मोजणी ठीक, पण खरं दुखणं वेगळं आहे. पहिल्या हायकूत डोळ्यांना दिसेल असं काहीच नाही. दान, सुख, मन, शांती, चारही हवेतले शब्द. दुसऱ्यात घागर आहे, पण पुढे लगेच 'पुण्य लाभते' म्हणून निकाल लावून टाकलाय. निकाल वाचणाऱ्याला लावू द्या.

दोन गोष्टी तपासा. एक, ऋतू. जपानीत ऋतुसूचक शब्दाला 'किगो' म्हणतात, त्यांच्याकडे त्याचे कोशच आहेत. आपण त्यांची चेरी उसनी कशाला आणायची? आखाजी, डांगर, सांजोरी, कानबाईचे रोट, पोळा, थंडीतलं भरीत, एवढे शब्द घरात पडलेत. 'पाणपोई' म्हटलं की उन्हाळा आलाच, पुन्हा 'कडक ऊन' लिहिलंत तर अक्षरं वाया गेली.

दोन, तोड. पहिल्या किंवा दुसऱ्या ओळीनंतर एकदाच थांबायचं आणि दोन चित्रं शेजारी ठेवायची. तीनही ओळी सुट्या पडल्या तर सामानाची यादी होते, आणि कुठेच तोड नसेल तर ते तीन ओळींत मोडलेलं वाक्य. तुमचा दुसरा प्रयत्न सलग वाचून बघा: 'आखाजी आली, घागर दान देता पुण्य लाभते.' सरळ गद्य आहे.

हे बघा:

नवा रांजण
ओल्या तळाशी मुंग्या
पितात आधी

देणारा कुठेच नाही. 'आधी' या एका शब्दात पुढे येणारी माणसं आली. दुसरा, यमकासह:

वाट तापली
अनोळखी ओंजळ
पुन्हा भरली

इथे सगळं काम 'पुन्हा' करतो. तो काढून 'आता' घाला, हायकू पडतो.

अहिराणी_वट्टा
बठ्ठं बरोबर शे (सगळं बरोबर आहे), पण पाणपोई आपल्याकडे आहे तर आपल्या अहिराणी बोलीतही येऊ द्या की:

आखाजी उनी
गल्लीमा बठ्ठासले
डांगर एक

बाहेरगावच्यांसाठी: उनी म्हणजे आली, गल्लीमा बठ्ठासले म्हणजे गल्लीत सगळ्यांना, डांगर म्हणजे खरबूज. आखाजीला पितरांच्या घागरीवर ठेवतात तेच.

सतरा_अक्षरे
वा! हा फलकाला उत्तम. आणि देणगीदारांची थट्टा करायची असेल, तर ती हायकूत कोंबू नका, सेनर्‍यू लिहा. अक्षरं तीच, पण विषय माणसाच्या खोडीचा, ऋतूची अट नाही. देवळातल्या पंख्यावर नाव रंगवतात ना:

पाते फिरले
देणाऱ्याचे नावही
वाऱ्यात गेले

हा पाणपोईवर लावू नका, वर्गणी बंद होईल.

केळीबाग
एक महत्त्वाचं राहिलं. रांजणावर ऑइल पेंट अजिबात नको. रांजण गार राहतो तो पाझरतो म्हणून. मातीच्या छिद्रांतून आलेलं पाणी बाहेर वाफ होताना आतली उष्णता घेऊन जातं. ऑइल पेंटने छिद्रं बुजतात, आणि आपल्या मे महिन्यात त्यातलं पाणी दुपारपर्यंत कोमट. शिवाय रांजणाला ओलं गोणपाट गुंडाळणार असाल तर अक्षरं दिसणारच नाहीत. फार तर काठावर गेरू-चुन्याचा पट्टा मारा.

हायकूसाठी तीन बाय दोन फुटांची पत्र्याची पाटी घ्या. अक्षर तीन इंच उंच, म्हणजे तीसेक फुटांवरून आरामात वाचता येईल. वेलांटी-उकारांना जागा हवी, म्हणून एका ओळीच्या पायापासून दुसरीच्या पायापर्यंत सहा इंच सोडा. सात अक्षरांची मधली ओळ तीन फुटांत बसते.

पेंटरला कागदावर तीन ओळी वेगळ्या लिहून द्या. तोंडी सांगितलंत तर तो पाटीच्या रुंदीप्रमाणे तोडतो आणि 'अनोळखी' वर, 'ओंजळ' खाली जाते. फुली, स्वस्तिक, उद्गारचिन्ह काही नको. मंडळाचं नाव पाटीच्या मागच्या बाजूला टाका.

तापीकाठ
रांजणाचं लक्षातच आलं नव्हतं. मुंग्यांचा घेतोय, पण अध्यक्ष म्हणतात, 'पाणपोईवर मुंग्या लिहिल्या तर लोक पाणी पितील का?'

अहिराणी_वट्टा
अध्यक्षांचं बरोबर आहे. ओंजळीचा घ्या, मुंग्यांचा वहीत ठेवा. आणि रांजणांवर झाकण अन् लांब दांड्याचं ओगराळं आहे ना, ते आधी बघा.