अर्ध्या गोळीवरून आठवलं

ताई, ‘जनुकीय तपासणी म्हणजे शहरातल्यांचा जास्तीचा खर्च’ असं तुम्ही लिहिलंत. आमच्या घरचं सांगतो. पुतणीला रक्ताचा कॅन्सर. नागपूरचे मोठे उपचार आटोपून घरी मर्कॅप्टोप्युरिन या कॅन्सरच्या औषधाची गोळी सुरू झाली. वहिनी ब्लेडने तिचे दोन तुकडे करायची, उरलेला कागदात बांधून ठेवायची. तिसऱ्या आठवड्यात पोरीचे नुकते उगवलेले केस पुन्हा गळाले, तोंड आलं, ताप चढला, पांढऱ्या पेशी पार तळाला. दारव्ह्याजवळच्या गावातून रात्री शेजाऱ्याच्या बोलेरोत नागपूर गाठलं.

वहिनीचं मोजमाप चुकलं नव्हतं. पोरीच्या शरीराला ते औषधच झेपत नव्हतं. नंतर तपासणीत, हे औषध शरीरात निष्प्रभ करायला मदत करणाऱ्या एनयूडीटी१५ जनुकात बदल निघाला. हा बदल युरोपीय लोकांपेक्षा आपल्या आशियाई लोकांत जास्त सापडतो, त्यामुळे नुसती टीपीएमटी या तशाच दुसऱ्या जनुकाची तपासणी पुरत नाही. आईबापाकडून आलेल्या दोन्ही प्रती सदोष असतील, तर रोजचा डोस शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे ७५ ऐवजी १० मिलिग्रॅमपासून सुरू करतात.

शहरात ताप आला की तासाभरात दवाखाना. आपल्याकडे कापूस वेचणीत रात्री गाडी मिळणं मुश्कील. म्हणून ही तपासणी आधी खेड्यातल्या लेकरांची व्हावी असं मला मनापासून वाटतं. ती एकदाच करावी लागते. गोळी सुरू होण्याआधी डॉक्टरांना दोन्ही जनुकांचं नाव घेऊन विचारा, आणि अहवाल चांगला आला तरी सांगितलेलं सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजायची तपासणी, चुकवू नका.