गोळी कशासाठी आहे ते चिठ्ठीवर लिहायला डॉक्टरांना काय अडचण?

धागाकर्ती:
प्रत्येक औषधापुढे ते कशासाठी आहे हे एका शब्दात लिहायलाच हवं असं माझं ठाम मत आहे, बीपी, शुगर, ॲलर्जी, बस. इंग्लंडमध्ये एका पेशंटला छातीच्या इन्फेक्शनसाठी ॲमॉक्सिल लिहिलं होतं, केमिस्टने ते डाओनिल वाचलं म्हणजे चक्क डायबेटिसची गोळी, शुगर इतकी उतरली की मेंदूला कायमची इजा झाली. १९८९ मध्ये अपील कोर्टाने केमिस्टला ७५ टक्के आणि डॉक्टरला २५ टक्के जबाबदार धरलं. नुसतं "छाती" लिहिलेलं असतं तर?

फॅमिली डॉक्टर:
मानसिक आजाराची किंवा एचआयव्हीची गोळी असेल तर काय लिहू? गावात मेडिकल एकच असतं, काउंटरला ओळखीचे चार लोक उभे, पेशंट ती चिठ्ठी दाखवायलाच जाणार नाही आणि औषध बंद होईल. जेनेरिक नाव, म्हणजे ब्रँडचं नाही तर औषधाचं मूळ नाव, कॅपिटलमध्ये लिहा, ते पुरे आहे.

मेडिकलवाला:
पुरे नाही डॉक्टर. क्लोबाझाम आणि क्लोनाझेपाम दोन्ही जेनेरिकच ना? आणि दोन्ही फिट्सला चालतात, म्हणजे ताईंचं "कशासाठी" पण इथे कामाचं नाही. आम्हाला कळतं ते पॉवरवरून, क्लोनाझेपाम पाव-अर्ध्या मिलिग्रॅमपासून येते आणि क्लोबाझाम पाच-दहाची. तीच पॉवर कितीतरी चिठ्ठ्यांवर नसते!

नियमवाला:
सगळे काउंटरवरच भांडताय, अशी नावं बाजारात येतात कशी ते बघा. फाल्सिगो आणि फाल्सिटॅब या मलेरियाच्या औषधांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने २००१ लाच सांगितलंय की औषधांच्या नावांतलं साम्य जास्त कडक तपासा. मग २०१९ ला नियम आला, पण काय, तर कंपनीनेच शोधाशोध करून लिहून द्यायचं की असं नाव आधी नाहीये. परीक्षा देणाराच पेपर तपासणार!

धागाकर्ती:
नियम कडक व्हायलाच हवेत पण तोवर काय? डॉक्टर, नाजूक आजार वगळा, पेशंट नको म्हणाला तर नका लिहू, पण बीपीच्या गोळीत लपवण्यासारखं काय आहे? आणि दादा, औषध देताना एकदा विचारायचं की कशासाठी घेताय.

मेडिकलवाला:
विचारतो की. पण निम्म्या वेळा समोर पेशंटच नसतो, व्हॉट्सॲपवर चिठ्ठीचा फोटो येतो नाहीतर शेजारचा पोरगा येतो, त्याला विचारलं तर म्हणतो आजीची गोळी आहे.

धागाकर्ती:
अहो म्हणूनच तर म्हणतेय, त्या पोराच्या हातातल्या चिठ्ठीवरच लिहिलेलं असू दे.