वारीत दिंडीच्या टँकरमध्ये टीसीएल (ब्लीचिंग पावडर) नेमकी किती टाकायची?

नवा_व्यवस्थापक
राम कृष्ण हरी. माऊलींच्या पालखीबरोबरच्या आमच्या दिंडीत दीडशे माणसं आहेत आणि यंदा पाण्याचं काम माझ्याकडे आलंय. १०,००० लिटरचा टँकर भाड्याने ठरवलाय. तो सासवड, लोणंद, फलटण, नातेपुते असा मिळेल तिथे भरणार. कुणी म्हणतं मूठभर टीसीएल टाका, कुणी म्हणतं तुरटी फिरवली की झालं. नक्की काय करायचं? आणि चालताना बाटल्यांचं काय?

जलसुरक्षक
माऊली, मुठीने टीसीएल मोजत नाहीत. १,००० लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे तुमच्या टँकरला ५० ग्रॅम. हा हिशोब ३३ टक्के क्लोरीन असलेल्या ताज्या पावडरीचा. आषाढातल्या दमट हवेत पोतं उघडं राहिलं की पावडर गोळे धरते आणि तिची ताकद उतरते. २० टक्क्यांच्या खाली गेलेली वापरू नये. निघण्याआधीच ५०-५० ग्रॅमच्या प्लास्टिकच्या पुड्या बांधून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. तो डबा डिझेल किंवा संडास धुण्याच्या अ‍ॅसिडशेजारी नको.

पावडर थेट टँकरच्या तोंडातून ओतू नका. प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवा, गुठळ्या मोडा, मग बादली पाऊण भरून ढवळा. दहा-पंधरा मिनिटांत पांढरा चुना तळाला बसतो. वरची निवळी तेवढी घ्यायची, कारण क्लोरीन त्यात उतरलेलं असतं. गाळ आत गेला तर तोट्या तुंबतात. टँकर पाव भरला की निवळी ओता आणि वरून पाणी सोडा, धारेनेच ते ढवळलं जातं. भरून झाल्यावर किमान अर्धा तास, जमलं तर तासभर, कुणाला तोटी उघडू देऊ नका. हे सगळ्यात अवघड, कारण तहानलेली माणसं रांगेत उभी असतात!

मग ओ.टी. टेस्ट, म्हणजे नमुन्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकून पाण्यातलं क्लोरीन बघणं. अर्धा मिनिट पाणी वाहू द्या आणि नमुना तोटीतूनच घ्या. रंग लगेच पिवळा झाला तर मोकळं, म्हणजे जंतू मारायला शिल्लक असलेलं, क्लोरीन आहे. पाच मिनिटांनी हळूहळू आलेल्या रंगावर विसंबू नका. रंगपट्टीवर लिटरला ०.२ मिलिग्रॅमच्या खाली नको, साथ असेल तर ०.५ हवं. रंगच आला नाही तर आणखी २५ ग्रॅमची निवळी आणि पुन्हा अर्धा तास. टेस्टचं पाणी ओतून द्या, ते पिण्याचं नाही. भरण्याच्या ठिकाणी पाण्यात आधीच क्लोरीन असू शकतं, म्हणून एक टेस्ट टीसीएलच्या आधीही करा.

गाळ_आणि_तुरटी
वरच्याला जोड. तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. पण पाणी गढूळ असेल तर तुरटी आधीच हवी, कारण गाळ क्लोरीन खाऊन टाकतो आणि ५० ग्रॅम कुठे गेले ते कळत नाही. २०० लिटरच्या पिंपाला साधारण १० ग्रॅम तुरटी पाण्यात विरघळवून टाका. मिनिटभर जोरात, मग पाच मिनिटं अगदी हळू ढवळा. जोरातच ढवळत राहिलात तर जमलेले पुंजके फुटतात. तासाभराने वरचं नितळ पाणी काढा, क्लोरीन त्यानंतर. टँकरवाल्याला आधी काय वाहिलं होतं तेही विचारा. बांधकामाचं पाणी वाहिलेला असेल तर आतून धुऊन घ्या.

पिशवीतली_बाटली
बाटलीसाठी क्लोरीनच्या गोळ्या. पाकिटावर गोळी किती लिटरची ते बघा. २० लिटरची गोळी लिटरभर बाटलीत टाकणारे कमी नाहीत. गोळी विरघळली की झाकण थोडं सैल करून बाटली उलटी धरा, म्हणजे आट्यांवरून औषधाचं पाणी ओघळेल. नाहीतर आत शुद्ध पाणी आणि ओठ लागतात तिथे कच्चं! अर्धा तास होईपर्यंत लिंबू, सरबताची पावडर काही टाकायचं नाही. लिंबातलं क जीवनसत्त्व क्लोरीन मारतं.
गोळ्यांनी क्रिप्टोस्पोरिडियम (जुलाब लावणारा सूक्ष्म परजीवी) मरत नाही. म्हाताऱ्या किंवा आजारी माणसांना उकळलेलंच द्या, खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट.

नवा_व्यवस्थापक
समजलं. थंड पाण्याचे जार चालतील का? वाटेत सरबतवालेही असतात.

जलसुरक्षक
सील नसलेल्या जारचं पाणी कुठून आलं ते कळत नाही. ते आरओचं असलं तरी त्यात क्लोरीन नसतं, एक घाणेरडा हात बुडाला की संपलं. जारलाही ओ.टी. टेस्ट लावा. सरबतातल्या लादीच्या बर्फापासून लांब राहा. गोठवल्याने जंतू मरतात असं नाही.

चंद्रभागेचं तीर्थ डोक्याला लावा, तोंडात नको. हे सांगायला विणेकऱ्यांना पुढे करा, त्यांचं ऐकतात.

गाळ_आणि_तुरटी
एक राहिलं. टँकरचा पाइप भरून झाल्यावर चिखलात टाकू नका, तोंडाला पिशवी बांधून वर अडकवा. पिंपात तांब्या बुडवू देऊ नका, तोटी बसवा. दीडशे माणसांना चार तरी तोट्या लागतील.