करोनातले मृत्यू, न घेतलेली लस आणि कोकणातलं मतदान

कातळावरून
अमेरिकेतल्या ओहायो आणि फ्लोरिडा या राज्यांवरचा एक अभ्यास २०२३ मध्ये आला. मृत्यूच्या नोंदी मतदार नोंदणीशी जोडून पाहिल्या होत्या. मे २०२१ पासून, म्हणजे लस सगळ्या प्रौढांना खुली झाल्यावर, रिपब्लिकन मतदारांमधला अतिरिक्त मृत्युदर (एरवी अपेक्षित असतात त्याहून जास्तीचे मृत्यू) डेमोक्रॅट मतदारांपेक्षा ४३ टक्क्यांनी जास्त निघाला. तिथे नोंदणीवरून पक्ष कळतो, म्हणून हे मोजता आलं. त्यावरून कोकणातही लोकांनी लस नाकारली आणि करोनाने निकाल फिरवले असं काहीजण म्हणतात. विधानसभेपुरतं मला हे साफ चुकीचं वाटतं.

साधा हिशोब करू. राज्यात अधिकृत मृत्यू सुमारे १ लाख ४८ हजार आणि मतदारसंघ २८८, म्हणजे सरासरी ५१४. गेलेल्या शंभरांतले ७० जण मतदानाला आले असते आणि ६०:४० असे विभागले असते, तरी एका बाजूचं निव्वळ नुकसान १४ मतांचं. २०२४ ला गुहागरचा निकाल २,८३० मतांनी लागला. एवढा फरक पुसायला वीस हजार मृत्यू लागतील. नोंद चौपट कमी झाली असं धरलं तरी आकडा दोन हजारांपाशी थांबतो.

सुरंगी
आकडेमोड बरोबर, पण तुम्ही मोजताय ती निवडणूकच वेगळी. ग्रामपंचायतीच्या प्रभागात समजा ४०० नावं आहेत आणि मतदान २८० झालं. तिथे पाच-सात मतांवर माणूस पडतो, मतं समान झाली तर चिठ्ठी काढतात. दुसऱ्या लाटेत एकाच भावकीतली चार मोठी माणसं गेली असतील, तर १८ डिसेंबर २०२२ च्या मतदानात तो प्रभाग पूर्वीचा राहिलेला नव्हता.

आणि फक्त गेलेल्याचं मत का मोजायचं? मागे राहिलेल्या घराचंही मोजा. करोनाने गेलेल्यांच्या घरच्यांना मिळणाऱ्या ५० हजारांच्या सरकारी मदतीसाठी चाचणीचा अहवाल लागायचा आणि त्यानंतर ३० दिवसांत झालेला मृत्यू धरला जायचा, मग तो घरी झालेला असला तरी. दाखल्यावर करोनाचा उल्लेख नसेल तर अपर जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे जावं लागे. हे कागद ज्याने धावपळ करून लावून दिले, त्याला ते घर विसरत नाही.

खाडीपलीकडे
सुरंगीताई, पटलं. पण लस नाकारली हा आरोप कोकणावर सरसकट नको. कोविशिल्डच्या एका व्हायलमध्ये, म्हणजे कुपीत, दहा डोस, उघडली की चार तासांत संपवायची. वाडीत चारच माणसं जमली तर सिस्टर म्हणणार, दहा होऊ द्यात. ती चार माणसं डोंगर उतरून आलेली असायची. दोनदा तशीच परतली की तिसऱ्यांदा येत नाहीत, आणि यादीत मात्र शेरा पडतो, 'लाभार्थी इच्छुक नाही'. त्यात १३ मे २०२१ ला दोन डोसांमधलं अंतर १२ ते १६ आठवडे झालं, तीनच दिवसांनी तौक्ते चक्रीवादळ आलं, आणि कित्येक गावांत दिवसचे दिवस वीज नव्हती. लस २ ते ८ अंशांत ठेवावी लागते. हा नकार नव्हे.

वेतोबाच्या वाटेवर
मला हे अर्धंच मान्य आहे. नकार होता. 'आधीच शुगर, त्यात सुई नको' हे घरोघरी ऐकू यायचं. पहिल्या डोसनंतर एखाद्याला कडक ताप आला की सगळी वाडी थांबायची. आशाताई सकाळी गेल्या तर माणसं काजूच्या बागेत, संध्याकाळी गेल्या तर दार लावलेलं.

या नकाराला पक्ष नव्हता हे खरं. पण वाडीतला जाणता माणूस नाही म्हणाला की सगळी वाडी नाही म्हणायची. मतदानही वाडीवारच होतं. ओहायोत पक्षाने जे केलं ते इथे वाडीने केलं. तिथले जास्तीचे मृत्यूही मुख्यतः लसीकरण कमी असलेल्या काउंट्यांमध्येच (तिथले जिल्हे) दिसले होते. त्यामुळे पक्षाचा रंग नसला तरी फटका एकाच बाजूला बसू शकतो.

कातळावरून
वाडीचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. प्रभागापुरतं मी माघार घेतो, विधानसभेचं म्हणणं कायम. मात्र मतदार यादी साफ नसेल तर यातलं काहीच मोजता येणार नाही.

तलाठी कार्यालयासमोर
खरी अडचण इथेच आहे. मृत्यू जिथे होतो तिथे नोंदला जातो. चाकरमानी मुंबईच्या रुग्णालयात गेला तर दाखला महापालिकेचा, गावच्या ग्रामसेवकाकडे कागदच येत नाही. नाव गावच्या यादीत तसंच राहतं आणि मतदानाचा टक्का खोटा कमी दिसतो. अशा नावावर बोगस मतदान होतं असं लगेच म्हणू नका. लहान गावात पोलिंग एजंट प्रत्येकाला बापाच्या नावानिशी ओळखतो, शिवाय केंद्राध्यक्षांकडे अनुपस्थित, स्थलांतरित आणि मृतांची वेगळी यादी असते.

नाव काढायला नमुना ७ भरायचा, सोबत मृत्यू दाखल्याची प्रत जोडायची आणि बीएलओकडून (मतदान केंद्राची यादी सांभाळणारा अधिकारी) पोच घ्यायची. हे निवडणूक लागायच्या आधी करा. ग्रामपंचायत विधानसभेचीच यादी ठरलेल्या तारखेची उचलते आणि प्रभागवार फोडते. त्या टप्प्यावर हरकत घेता येते ती चुकीच्या प्रभागात गेलेल्या नावाची किंवा लेखनिकाच्या चुकीची. मृताचं नाव तेव्हा आठवलं तर ते पुढच्या वेळेपर्यंत तिथेच राहणार.

वेतोबाच्या वाटेवर
आमच्या बाजूच्या याद्या या गणपतीत घरोघरी वाचून घेऊ. तेव्हा मुंबईची माणसं गावात असतात, दाखला त्यांच्याच कपाटात असतो. येताना प्रत आणायला आत्ताच फोन करायला हवा.